'आपला माणूस' म्हणून जॅक वॉर्नरना डोक्यावर घेण्याआधी

बेळगावातल्या आम्हा फुटबॉलवाल्यांच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतोय. कॅरिबियन बेटांतल्या त्रिनिदाद देशाचे जॅक वॉर्नर म्हणजे साधा इतिहासाचा मास्तर. पण फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा उपाध्यक्ष झाला, चिमुकल्या देशाला विश्वचषकात नेलं, थोडं खाल्लं असेल पण काम केलं, लोकांनी निवडून दिलं, गोऱ्यांनी अडकवलं, शेवटी कोर्टाने निर्दोष सोडलं. खाली ओळ आहे: "असा माणूस सीमाभागाला मिळायला हवा होता."

ही ओळ मला लागली. बेंगळूरला आपण परके, मुंबईला लांबचे, म्हणून 'आपला माणूस' म्हटलं की आपण लगेच विरघळतो. लेले मैदानावर मित्राचे बूट मागून खेळणारी पोरंसुद्धा हा मजकूर पुढे ढकलताहेत. म्हणून एकेक दावा घेतो.

"विश्वचषकात नेलं." नेलं ते खेळाडूंनी. बहारीनला त्यांच्याच मैदानावर 1-0 ने हरवून तेरा लाख वस्तीचा तो देश 2006 साली जर्मनीला गेला आणि पहिल्याच सामन्यात स्वीडनला 0-0 असं रोखलं. त्या दिवशी गोलकीपर होता शाका हिस्लॉप. घरी परतल्यावर ठरलेल्या बोनसचा हिशेब आला तेव्हा एकेका खेळाडूच्या वाट्याला जेमतेम साडेपाच हजार त्रिनिदाद डॉलर, म्हणजे 900 अमेरिकी डॉलरच्या आसपास. हिस्लॉपसह खेळाडूंनी दाद मागितली, 2008 मध्ये लंडनच्या लवादाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच विश्वचषकाची तिकिटं वॉर्नर यांच्या घरच्याच ट्रॅव्हल कंपनीकडून विकली जात होती. त्याआधी 1989 साली, विश्वचषकात जायला अमेरिकेविरुद्ध फक्त बरोबरी पुरे होती, त्या सामन्याला स्टेडियमच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली गेली. हातात तिकीट असलेली माणसं दाराबाहेर राहिली. तेव्हा त्रिनिदादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव वॉर्नरच होते.

"थोडं खाल्लं, पण काम केलं." फिफाच्या पैशातून त्रिनिदादला सुमारे अडीच कोटी डॉलरचं क्रीडा केंद्र उभं राहिलं, हे खरं. पण एप्रिल 2013 मध्ये कॉन्ककॅफच्या, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल महासंघाच्या, चौकशी समितीने सांगितलं की जमीन वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या नावावर होती आणि महासंघाला त्याचा पत्ताच लागू दिला नव्हता. आपल्या गल्लीतलं गणपती मंडळसुद्धा वर्गणीचा जमाखर्च फलकावर लावतं. मंडळाच्या वर्गणीतून कुणी स्वतःच्या जागेत हॉल बांधला, तर "काम केलं" म्हणून आपण गप्प बसू का?

"लोकांनी निवडून दिलं." दिलं. 2007 आणि 2010 ला ते खासदार झाले, पुढे मंत्रीही. फिफाचं उपाध्यक्षपद आणि मंत्रिपद काही काळ एकाच वेळी चाललं. चौकशी अहवालानंतर मंत्रिपद सोडलं, नवा पक्ष काढला आणि जुलै 2013 ची पोटनिवडणूक जिंकली. हाकेला धावून जाणारा आमदार-खासदार माणसाला हवाच असतो, त्या मतदारांना मी नावं ठेवत नाही. पण मतपेटीत हिशेब तपासला जात नाही. आणि तेच वॉर्नर सप्टेंबर 2015 मध्ये हरले, हे त्या मजकुरात नाही.

"कोर्टाने निर्दोष सोडलं." हे साफ खोटं. अमेरिकेने मे 2015 मध्ये लाचखोरीचे आरोप ठेवले, वॉर्नर ते नाकारतात. पुढची सगळी वर्षं, त्यांना अमेरिकेच्या ताब्यात द्यायचं की नाही, एवढ्याच वादात गेली. सप्टेंबर 2025 मध्ये त्रिनिदादच्या उच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवली. लाच घेतली की नाही, यावर तिथे सुनावणीच झाली नाही. म्हणून कोर्टाने दोषी ठरवलं असंही मी म्हणणार नाही. फिफाने मात्र 2015 मध्येच त्यांच्यावर तहहयात बंदी घातली.

राहिला "गोऱ्यांचा डाव". चौकशी समितीचे प्रमुख डेव्हिड सिमन्स हे बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश. बोनससाठी भांडले ते त्रिनिदादचेच खेळाडू. आणि मे 2011 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या हॉटेलात काय झालं ते बघा. फिफा अध्यक्षपदाचे उमेदवार बिन हम्माम यांच्या सभेनंतर कॅरिबियन पदाधिकाऱ्यांना एकेकाला खोलीत बोलावून पाकीट दिलं गेलं. आत रोख 40,000 डॉलर. दुसऱ्या दिवशी वॉर्नर बैठकीत बोलले, ते चित्रीकरण पुढे बाहेर आलं: फार सोवळे असाल तर चर्च काढा, आपला धंदा तो आपला धंदा.

ते पाकीट मिळालेल्यांत बहामाच्या संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन होते. लहान बेटाचा माणूस, वॉर्नर यांच्यासारखाच. त्यांनी नोटांचा फोटो काढला, आपल्या अध्यक्षांना कळवलं आणि पाकीट परत नेऊन दिलं. प्रकरण फुटलं ते तिथून.