खुलासा: ‘फ्री’ कमी दिसणे म्हणजे लिनक्सची मेमरी संपणे नव्हे

लिनक्स सर्व्हरवर रिकामी मेमरी दाखवणाऱ्या ‘फ्री’ रकान्यातला आकडा घसरला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी अडवून बसला आहे असे समजावे आणि ठरावीक वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ या कॅश रिकामी करायला लावणाऱ्या कर्नलच्या फाइलमध्ये ३ लिहून ती मोकळी करावी, असा सल्ला सध्या फिरत आहे. हा सल्ला चुकीचा आहे.

रिकामी रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते; म्हणून कर्नल डिस्कवरून वाचलेल्या फायलींची पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, तिच्यात ‘कॅश’ म्हणून ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की त्यांतली न बदललेली पाने सहज सोडून देतो. ती दर तासाला पुसली, तर डेटाबेसला तीच पाने पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. आकडा तेवढा गोजिरा दिसतो.

‘फ्री’ आणि ‘कॅश्ड’ यांची बेरीजही फसवी आहे, कारण टीएमपीएफएस या मेमरीतच फायली ठेवणाऱ्या फाइल-व्यवस्थेतला मजकूर कॅशमध्येच मोजला जातो, पण तो असा टाकून देता येत नाही. यासाठीच २०१४ मध्ये कर्नल ३.१४ पासून ‘मेमअव्हेलेबल’ हा, प्रोग्रामना किती मेमरी मिळू शकेल याचा, वेगळा अंदाज मिळू लागला.

खरी टंचाई तपासायची असेल, तर दर सेकंदाला मेमरीची स्थिती दाखवणारी ‘व्हीएमस्टॅट १’ ही आज्ञा चालवावी, बूटपासूनची सरासरी सांगणारी पहिली ओळ सोडून द्यावी आणि ‘एसआय’ व ‘एसओ’ हे, स्वॅपमधून (मेमरीला पूरक अशा डिस्कवरच्या जागेतून) आत येणारी व तिकडे जाणारी मेमरी दाखवणारे रकाने सतत हलतात का, ते पाहावे. स्वॅप नुसता भरलेला असणे हा दोष नव्हे. कर्नल ४.२० पासून कर्नलच्या ‘प्रेशर’ फोल्डरमधली ‘मेमरी’ फाइल, मेमरीसाठी कामे किती टक्के वेळ खोळंबली, हेही थेट सांगते.

‘ड्रॉप कॅशेस’ निरुपयोगी नाही. थंड, म्हणजे रिकाम्या, कॅशवर वेग मोजताना आम्हीही ते वापरतो.