४,००० वेल्ड आणि १ टक्का खोटे इशारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाडी कंपनीत एआय कसं रुजतं यावरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. लाइनवर कॅमेरे लावून दर्जा सुधारत नाही. हे मोठ्यांचे लाड आहेत, नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत १०० टनी प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या छोट्या कारखानदाराला त्याचा उपयोग नाही. आणि शेवटी कुऱ्हाड इन्स्पेक्टरवरच पडणार.

कॅमेऱ्याबद्दल बऱ्याच अंशी सहमत. तो पाहुण्यांना दाखवायला सोपा, म्हणून प्रेझेंटेशनमध्ये आधी तोच येतो. बॉडी शॉपमधला (गाडीचा सांगाडा जिथे वेल्ड होतो तिथला) खरा माल मात्र वेल्ड कंट्रोलरमध्ये, म्हणजे वेल्डिंग गन चालवणाऱ्या यंत्रणेत, पडून असतो. प्रत्येक स्पॉटचा, म्हणजे वेल्डच्या ठिपक्याचा, करंट, व्होल्टेज, वेळ आणि गनचा दाब नोंदवता येतो. त्यातून रेझिस्टन्सचा आलेख निघतो: पत्रे नीट टेकले की तो उतरतो, धातू तापला की चढतो, नगेट (पत्र्यांमध्ये धातू वितळून बनणारी गाठ) वाढू लागलं की पुन्हा उतरतो. मध्येच एकदम कोसळला, तर वितळलेला धातू बाहेर उडालाय असं समजायचं. ऑडीने जर्मनीतल्या नेकार्सुल्म कारखान्यात एका शिफ्टमधल्या ३०० गाड्यांचे सुमारे १५ लाख वेल्ड एआयने तपासायची व्यवस्था केली. त्याआधी तिथे अल्ट्रासाउंडने निवडक स्पॉट तपासत.

आता तुम्ही ज्याला ‘दिखावा’ म्हणता ते नेमकं कुठे घडतं, ते आकड्यात बघा. एका बॉडीवर ४,००० स्पॉट धरा. एआय मॉडेल ९९ टक्के चांगल्या वेल्डना चांगलं म्हणतं, असं सांगून विक्रेता टाळ्या घेतो. उरलेल्या १ टक्क्याचा हिशेब म्हणजे दर बॉडीमागे ४० खोटे इशारे, आणि लाइनवरून दीड-दोन मिनिटाला एक बॉडी पुढे सरकते. ऑपरेटर आठवड्याच्या आत बझर बंद करून टाकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून सुरुवातीला मॉडेलला लाइन थांबवण्याचा अधिकार द्यायचाच नाही. ते मागे गुपचूप चालवायचं, त्याचा प्रत्येक इशारा चिझल टेस्ट (छिन्नी घालून सांधा तपासणे) किंवा अल्ट्रासाउंडशी ताडायचा. शिवाय कोणत्या इशाऱ्यावर कोण, किती वेळात, काय करणार हे आधीच कागदावर ठरवायचं. हा कागद नसेल तर प्रयोग प्रयोगच राहतो.

गोची बहुतेक वेळा मॉडेलच्या अलीकडेच असते. कंट्रोलरचं घड्याळ आणि लाइनच्या सर्व्हरचं घड्याळ जुळत नाही; तीन मिनिटांचा फरक म्हणजे डेटा भलत्याच बॉडीच्या नावावर. कंट्रोलरची मेमरी भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त गनच्या तांब्याच्या टिपमध्ये मिसळून पितळ होतं, टिपचं तोंड पसरतं, तोच करंट जास्त क्षेत्रावर विभागला जातो आणि नगेट लहान पडतं. टिप ड्रेसिंग, म्हणजे टिपचं तोंड पुन्हा घासून घेणं, कधी झालं याची नोंद डेटात नसेल, तर मॉडेल या झिजेलाच बिघाड समजतं. आणि खराब वेल्ड मुळात मोजकेच मिळतात. मग ते मुद्दाम करावे लागतात: सुट्या पट्ट्यांवर करंट कमी करून, दाब कमी करून, पत्र्यांत फट ठेवून, टिप तिरकी धरून.

वॉरंटीत आलेल्या तक्रारींच्या डेटाकडे तर कुणी फारसं बघतही नाही. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर ‘गाडी डावीकडे खेचते’, ‘ब्रेक मारल्यावर किर्र वाजतं’ अशा मराठी-हिंदी-इंग्रजी सरमिसळीतल्या नोंदी असतात. त्यांची वर्गवारी भाषा मॉडेल चांगली करतं. पण डीलर तक्रार लिहिताना क्लेम पास होईल अशा बेताने लिहितो. मॉडेल ती सवय शिकतं आणि गाडीच्या दोषाच्या नावाखाली तीच परत दाखवतं. म्हणून परत आलेले पार्ट उघडून केलेल्या तपासणीचे निकाल सोबत जोडल्याशिवाय त्या आलेखांवर विश्वास ठेवू नये.

अंबडच्या प्रेसवाल्याने सर्व्हर घेऊ नये. त्याने एका डायसाठी (प्रेसमधल्या साच्यासाठी) चार रकाने भरावेत: कॉइलचा हीट नंबर (पोलाद कोणत्या घाणीतलं ते), डायला धार लावल्यानंतरचे स्ट्रोक, बर (कापलेल्या कडेवर उरणारी खरखरीत धार) किती आला, लॉट नंबर. एक्सेल पुरेल. तीन-चार महिन्यांत किती स्ट्रोकला बर वाढतो ते साध्या आलेखावर दिसू लागतं आणि डाय वेळेवर उतरवता येते. आवश्यकता वाटलीच तर त्यानंतर प्रेसचा दाब मोजणारा टनेज सेन्सर.

इन्स्पेक्टरबद्दलची तुमची भीती खोटी नाही. नमुना तपासणीची काही कामं कमी होतील. पण नगेट कुठलं बरं आणि कुठलं वाईट हे मॉडेलला शिकवणारा माणूस तोच असतो. हे लेबलिंग ‘वेळ मिळेल तेव्हा कर’ म्हणून त्याच्या माथी मारलं, तर घाईघाईत केलेली लेबलं मॉडेलला बिघडवतात. शिफ्टमध्ये त्याला स्वतंत्र तास द्या, आणि दोन इन्स्पेक्टरांचं मत एकाच तुकड्यावर किती जुळतं तेही मोजा. दोघांचंच जुळत नसेल तर मॉडेलकडून अपेक्षा कसली ठेवायची?

शेवटी तुम्ही विचारलंत, मोठी कंपनी पुरवठादाराकडे मशीनचा डेटा मागते, द्यावा का? लॉटनिहाय पास-नापास आणि मापांचा कल द्यावा. डायची सेटिंग, सायकल टाइम, स्क्रॅपचे आकडे देण्याआधी करारात लिहून घ्यावं की ते दर कमी करायच्या वाटाघाटीत वापरले जाणार नाहीत.