वडाप बंद करा म्हणणाऱ्यांना

आज सकाळी विश्रामबागेत फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एका गृहस्थांनी, सांगली-मिरज रस्त्यावरचे वडाप (माणशी भाडे घेऊन प्रवासी भरत जाणाऱ्या रिक्षा) एकदाचे बंद झाले पाहिजे, असे ठणकावून सांगितले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. या गृहस्थांची गाडी दारातून निघते आणि दारातच परत येते. मिरजेहून शेवटची बस कधी सुटते, हे त्यांना ठाऊक असण्याचे काही कारणच नाही.

माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत आणि तिचे डॉक्टर मिरजेला आहेत. गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात उशीर झाला आणि ती काठी टेकून अंधारात एकटीच रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तेव्हा तिला घरी आणले ते एका वडापवाल्याने. मागे बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरांना त्याने उठवून आपल्या शेजारी घेतले, "आजी, पाय लांब करून बसा," म्हणाला, आणि मुख्य रस्ता सोडून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत रिक्षा घातली.

आता, चालकाशेजारी दोन पोरे बसवणे नियमात बसत नाही, तीन प्रवाशांच्या रिक्षात सहा-सात जण कोंबले जातात आणि कोणी हात केला की ती भर रस्त्यात थांबते, हे मान्य आहे. पण त्या रात्री नियमाने तीनच प्रवासी घेतले असते, तर आईला जागा मिळाली नसती, हेही तितकेच खरे आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची 1998 मध्ये एक महानगरपालिका झाली. शेजारच्या कोल्हापूरला स्वतःची शहर बससेवा, केएमटी, आहे. आपल्याकडे मात्र शहरातली बसही एसटीनेच चालवायची, आणि तिने ती खेडी, लांब पल्ला, यात्रा-जत्रा हे सगळे सांभाळून चालवायची. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी दहा हजार विजेवरच्या बसची योजना मंजूर केली, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर नव्या बसच्या रंगापर्यंत चर्चा झालेली आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रीची पाळी सुटल्यावर कामगार घरी कसा जातो, यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

आणि स्मरणशक्ती इतकी तोकडी कशी? ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांविषयी मला सहानुभूतीच होती, पण त्या महिन्यांत माणसे वाहिली कोणी? तेव्हा तर सरकारनेच अधिसूचना काढून खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. गरज होती तेव्हा सोय आणि गरज सरली की उपद्रव, हा न्याय मला पटत नाही.

मलाही आईला बसमध्येच बसवायला आवडेल. आधाराला दांडा असतो, तिकीट हातात मिळते, भाड्यावरून कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की सांगली बसस्थानक ते मिरज रेल्वे स्टेशन अशी दर पंधरा मिनिटांनी बस रात्री अकरापर्यंत धावू द्या, थांब्यावर वाचता येईल असे वेळापत्रक लावा, आणि मग खुशाल वडापवर कारवाईची मागणी करा. त्या निवेदनावर पहिली सही मी करीन.