मांजराच्या पाठीवर पाव

‘मांजर नेहमी पायांवर पडतं, लोणी लावलेला पाव नेहमी लोण्याच्या बाजूवर. म्हणून पाव मांजराच्या पाठीला बांधा, लोणी वर. मग मांजर अधांतरी गरगरत राहील आणि वीज फुकट!’ हा संदेश मला कितीदा आलाय याची मोजदाद नाही. विनोद झकास आहे. पण हल्ली त्याला ‘विज्ञानाने सिद्ध’ अशी शेपटी लागलेली असते, म्हणून हा खटाटोप.

आधी पाव. त्याचा लोण्याशी काही संबंध नाही. टेबलाच्या कडेवरून घसरताना तो कलंडतो, आणि नेहमीच्या टेबलाच्या उंचीत त्याची जेमतेम अर्धी गिरकी होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ साली हे गणिताने मांडलं आणि १९९६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, पटकावलं. पाठीला बांधलेला पाव कडेवरून घसरतच नाही. अर्धं जनित्र इथेच बंद.

आता मांजर. लोक म्हणतात, ‘मांजर शेपटीने वळतं.’ पण बिनशेपटीची मँक्स मांजरंही वळतात. १८९४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराचे एकापाठोपाठ एक फोटो काढले, तेव्हा भलेभले चक्रावले, कारण सोडताना मांजराला अजिबात गिरकी नव्हती. युक्ती कमरेत आहे. मांजर मधोमध वाकतं, पुढचे पाय पोटाशी घेतं आणि मागचे ताणतं. पुढचा भाग झर्रकन वळतो, मागचा उलट दिशेला जरासाच. मग पायांची अदलाबदल करून मागचा भाग वळवतं. दोन्ही भागांच्या गिरकीच्या जोराची बेरीज सतत शून्य, तरी मांजर सुलटं! मात्र पिल्लांना हे जन्मतः येत नाही, काही आठवडे लागतात. तेव्हा ‘नेहमी’ खोडा.

‘जितकं उंच, तितकं सुरक्षित’ हे संदेशाला जोडून येणारं वाक्य मात्र घातक आहे. १९८७ सालच्या न्यूयॉर्कमधल्या प्राण्यांच्या एका दवाखान्याच्या पाहणीत इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी सुमारे ९० टक्के जगली आणि सातव्या मजल्याच्याही वरून पडलेल्यांना इजा कमी दिसल्या, हे खरं. पण जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतं? खिडकीला जाळी लावा.

फुकट विजेचं म्हणाल, तर वळायची ताकद मांजराच्या स्नायूंतून येते आणि स्नायूंची वाडग्यातून. वाडगं कोण भरतं, हे मांजर पाळणाऱ्यांना सांगायला नको.

आणि बांधणार कोण? मी एकदा आमच्या मांजरीला नुसता पट्टा चढवला होता. ती जागच्या जागी धप्पकन आडवी झाली आणि पट्टा काढेपर्यंत उठली नाही. पायांवर नाही, कुशीवर.