सत्तर तासांच्या वादात न बसणारी संध्याकाळ

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. दोन्ही वेळा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जुंपली. मूर्तींनी दाखला दिला होता महायुद्धानंतरच्या जर्मनीचा. मी त्याच जर्मनीत नोकरी करतो, त्यामुळे साक्षीला मलाच ओढतात.

तर साक्ष अशी. त्या काळात इथली माणसं राबली, हे खरंच. पण १९५६ सालीच इथल्या कामगार संघटना पाच दिवसांचा आठवडा मागत होत्या. त्यांच्या पोस्टरवर एक लहान मुलगा होता आणि मजकूर होता, 'शनिवारी बाबा माझे'. आज कायद्याने दिवसाचे आठ तास. दहा भरले, तर पुढे सरासरी आठवर आणावी लागते.

ग्रुपवर मी जे बोलत नाही ते असं, की एवढं सगळं असून माझं नोकरीतून मन उडालंय. काम मोटारींच्या सॉफ्टवेअरचं. प्रकल्प उभा राहतो, वरचा साहेब बदलतो, प्रकल्प गुंडाळतात आणि नवं नाव देऊन पुन्हा मांडतात. पगार वेळेवर, आरडाओरडा नाही, संध्याकाळी लॅपटॉप बंद. दमलेला माणूस निदान दमण्याला दोष देऊ शकतो, मला तीही सोय नाही. तास कमी झाले की कामात आपोआप राम येईल, असं ७० तासांना विरोध करणाऱ्या माझ्या मित्रांना वाटतं. तसं होत नाही.

मिळतो तो मोकळा वेळ. त्यात मी आर्वो पॅर्त या एस्टोनियन संगीतकाराला ऐकायला लागलो. तानपुऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानांना सिंफनी म्हणजे गर्दीचं स्टेशन वाटायचं, सगळे एकदम बोलतायत. पॅर्तची 'फ्युर आलिना' ही १९७६ची छोटी पियानोरचना मात्र पहिल्यांदाच आत शिरली. सुरुवातीला खाली खर्ज लागतो आणि पेडल दाबून धरल्यामुळे घुमत राहतो. वर दोनच ओळी चालतात. एक शेजारच्या सुरांवरून पायरी-पायरीने जाते, दुसरी एकाच त्रिस्वराचे (एकत्र जुळणाऱ्या तीन सुरांचे) सूर धरून तिच्यासोबत राहते. प्रत्येक मापात, म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात, एकेक सूर वाढत आठांपर्यंत जातो आणि तसाच उतरतो. ताल नाही, घाई नाही. (यात आपल्याकडचं काही आहे असं कृपया म्हणू नका, त्याने धडे घेतले ते जुन्या चर्चगायनातून.)

त्याआधीची त्याची वर्षं वाचण्यासारखी आहेत. सोव्हिएत एस्टोनियात १९६८च्या एका रचनेवरून सरकारची खप्पामर्जी झाली. मग पुढची आठ वर्षं, १९७१ची एक सिंफनी सोडली तर मैफलीसाठी फारसं काही नाही. पोटासाठी चित्रपटांना संगीत द्यायचा आणि जुनं गायन शिकत बसायचा. यातून धीर घ्यावा असा मोह होतो, पण मी रचनाकार नाही. माझ्या गप्प बसण्यातून काही निपजणार नाही.

घरी फोनवर हे सांगितलं की विचारतात, "क्लास लावलास का? परीक्षा असतात का त्याच्या?" प्रेमानेच विचारतात. छंदालाही बढती हवी, ही सवय आपल्यात फार खोल आहे, आणि ७० तासांचा वाद मला तिथूनच आलेला दिसतो. कारण विरोधकही म्हणतात, विश्रांती द्या, उत्पादकता वाढेल. म्हणजे संध्याकाळसुद्धा साहेबाच्याच खात्यात जमा. माझी उत्पादकता पॅर्तमुळे तसूभरही वाढलेली नाही आणि नोकरीचा कंटाळाही तेवढाच आहे. तरीही मी आठ तासांच्या बाजूने आहे. पोस्टरवरच्या त्या पोराने शनिवारी बाबा मागितले होते. ते सोमवारी जास्त काम करतील, असं आश्वासन त्याने दिलं नव्हतं.