टकरींमुळे मोजमाप बिघडते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रकाश आणि अणू यांच्या साहाय्याने मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजता येते, या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. दीडशे अंशांपर्यंत तापवलेल्या वाफेत अणू सतत एकमेकांवर आदळत असताना इतके सूक्ष्म मोजमाप संभवत नाही, हा पहिला; पृथ्वीच्या क्षेत्रापुढे मेंदूचे क्षेत्र दिसणारच नाही, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण साधा तर्क आपल्याच बाजूने आहे. काचेच्या लहानशा कुपीतील रुबिडियम या धातूच्या वाफेतून ७९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेला प्रकाश सोडला की अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांना इवल्या चुंबकांसारखे वागायला लावणारा अंगभूत गुणधर्म, एका दिशेला वळतात. तसे ते वळले की तो प्रकाश त्यांना शोषता येत नाही आणि वाफ जवळजवळ पारदर्शक होते. आडव्या दिशेने किंचित जरी चुंबकीय क्षेत्र आले, तरी स्पिन भोवऱ्यासारखे डुलत त्या दिशेपासून ढळतात, शोषण वाढते आणि पलीकडच्या फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या घटकावर) पडणारा प्रकाश कमी होतो. मोजायचा असतो तो हा फरक.

आता टकरींविषयी. रुबिडियमची मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची, अवस्था दोन ऊर्जापातळ्यांत विभागलेली असते, या दोन पातळ्यांतील स्पिन परस्परविरुद्ध दिशांनी डुलतात, आणि टक्कर झाली की अणू एका पातळीतून दुसरीत जाऊ शकतो. आपण म्हणता तसा ताल इथेच बिघडतो. परंतु वाफ इतकी दाट केली आणि क्षेत्र शून्याच्या इतके जवळ आणले, की दोन टकरींच्या मधल्या वेळात स्पिनला जेमतेमच वळता यावे, तर प्रत्येक अणू दोन्ही पातळ्यांत वारंवार ये-जा करतो, विरुद्ध गतींची सरासरी निघते आणि सगळे अणू काहीशा संथ गतीने, पण एकत्र डुलू लागतात. अशा टकरीत दोन अणूंचे एकूण स्पिन कायम राहते, म्हणूनच हे घडू शकते. हॅपर आणि टँग या भौतिकशास्त्रज्ञांनी हा परिणाम १९७३ साली दाखवला. प्रिन्स्टनमधील रोमॅलिस यांच्या गटाने २००३ साली त्याच्याच आधारे एक फेम्टोटेस्लाच्याही (टेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककाचा हजार लाख कोटीवा भाग) खालची संवेदनक्षमता गाठली. कुपी मुद्दाम तापवतात ती याच कारणासाठी.

दुसरा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला, तर मेंदूचे १०० फेम्टोटेस्लाच्या आसपास असते, म्हणजे तफावत ४० कोटी पटींची. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून तेथील कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध अलिबागला हलवावे लागले आणि १९०४ साली तेथील वेधशाळा सुरू झाली. तेथे तर पृथ्वीचेच क्षेत्र मोजायचे होते. मेंदूसाठी केवळ दूर जाऊन भागत नाही. म्यू-मेटल या, चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे कवच असलेली खोली लागते, आणि आत उरलेले क्षेत्र कॉइलमधील विद्युतप्रवाहाने नाहीसे करावे लागते. नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २०१८ साली नेमके हेच केले: बसलेल्या व्यक्तीच्या दोन्ही बाजूंना कॉइल ठेवल्या, सेन्सर तिच्या डोक्यावर बसवले, आणि ती मान हलवत असताना, चहा पीत असताना मेंदूच्या नोंदी घेतल्या. मेंदूचे क्षेत्र मोजणाऱ्या, द्रव हेलियमवर चालणाऱ्या जुन्या यंत्रात डोके स्थिर ठेवावेच लागते.