काढून टाकलं, पण माफी कोणी मागितली?

एफएमवरच्या त्या मुलाला संध्याकाळच्या आत काढून टाकलं, त्यावरून रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर परवा चांगलीच जुंपली. सकाळच्या शोमध्ये त्यानं कचरागाडीवर काम करणाऱ्या बायकांच्या अंगाच्या वासावरून विनोद केला होता. इंदूरमध्ये! २०१७ पासून हे शहर स्वच्छतेचा पहिला नंबर ज्यांच्या जिवावर मिरवतंय, त्यांच्यावरच. दुपारी क्लिप सगळीकडे फिरली आणि चारच्या सुमारास स्टेशननं इन्स्टावर टाकलं की या आरजेचा आणि आमचा यापुढे संबंध नाही.

मिलिंद जाहिरातींचे स्पॉट विकतो, त्यामुळे आतली बातमी त्याच्याकडेच होती. "काढायलाच हवं होतं. दोन सराफांचे मला फोन, उद्यापासून आमचे स्पॉट थांबवा म्हणून. स्टेशन दुसरं करणार काय?"

"म्हणजे त्या बायकांसाठी नाहीच काढलं. सराफांसाठी काढलं," केतकी म्हणाली. ती कार्यक्रमांचं निवेदन करते. रोज माइकसमोर उभं राहणाऱ्यांपैकी आहे, पण त्या मुलाची बाजू घ्यायला ती आली नव्हती.

"कारण काही का असेना, झालं ते बरोबर झालं ना? अमेरिकेत डॉन आयमसचं असंच झालं. २००७ च्या एप्रिलमध्ये रटगर्स विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल रेडिओवर वर्णद्वेषी बोलला. केवढं मोठं नाव! पण प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि सीबीएसनं आठवड्याभरात त्याला घरी बसवलं."

"आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो दुसऱ्या स्टेशनवर हजर," विश्वासदादा म्हणाले. वकिली अंगात भिनलेली, त्यामुळे समोरच्याचा दाखला त्याच्यावरच उलटवायची सवय. "मोठ्या माणसाला दुसरं दार उघडतं, मिलिंद. आपल्या या पोराला कोण उघडणार?"

नाना तोवर गप्प होते. त्यांनी रेडिओवर कितीतरी वर्षं हंगामी निवेदक म्हणून काढली. "आमच्या वेळी फेडर, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली आला की नाही, हे हात लावून बघायचो," ते म्हणाले. "नुसत्या लाल दिव्यावर विसंबायचं नाही. रेकॉर्ड चालू असली तरी स्टुडिओत वावगं बोलायचं नाही. काही चुकलंच, तर ड्यूटी ऑफिसर रिपोर्टात लिहायचा आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जायचं. मान खाली घालून ऐकायचं. बोलणी खायची आणि पुढच्या ड्यूटीला सावध बसायचं."

नानांना ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू-समालोचक डीन जोन्स आठवला तो त्या फेडरवरूनच. ऑगस्ट २००६, कोलंबोत श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिकेची कसोटी. हाशिम आमलानं कुमार संगकाराचा झेल घेतला आणि जोन्स बोलून गेला, 'दहशतवाद्याला आणखी एक बळी मिळाला.' त्याला वाटलं जाहिराती लागल्यात. दक्षिण आफ्रिकेत मात्र आवाज चालूच होता. टेन स्पोर्ट्सनं त्याला ताबडतोब काढलं.

"माइक बंद आहे असं समजून बोलला, हा काय बचाव झाला?" केतकी तडकली. "बंद माइकवर माणूस बोलतो तेच तर खरं. दाढी दिसली की दहशतवादी! आमलाच्या घरच्यांनी ते ऐकलं असेल तेव्हा काय झालं असेल?"

नाना म्हणाले, "बचाव नाही करत गं. पुढचं सांगतो. जोन्सनं माफी मागितली आणि तो पुन्हा समालोचन करायला लागला. २०२० मध्ये आयपीएलच्या कामासाठी मुंबईत होता, तिथेच गेला. आपल्या लोकांनी किती हळहळ केली तेव्हा. आणि आमला? त्यानं २०१७ मध्ये इथे आपल्या होळकर स्टेडियमवर मुंबईविरुद्ध नाबाद १०४ केल्या, तेव्हा अख्खं इंदूर टाळ्या वाजवत होतं. माणसाला परत यायला वाट ठेवली पाहिजे, एवढंच म्हणतोय मी."

मिलिंदला हे पटेना. त्यानं ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनेलवरचा फुटबॉल समालोचक रॉन ॲटकिन्सनचं उदाहरण काढलं. २००४ मध्ये चेल्सीच्या सामन्यानंतर त्यांच्या मार्सेल देसायी या काळ्या खेळाडूबद्दल तो असाच वर्णद्वेषी बोलला. ब्रिटनमधलं प्रसारण संपलं होतं, आखाती देशांत चालू होतं. आणि हा तोच ॲटकिन्सन, ज्यानं सत्तरच्या दशकाअखेर वेस्ट ब्रॉमविच क्लबचा प्रशिक्षक असताना तीन काळ्या खेळाडूंना एकत्र खेळवलं होतं, जेव्हा प्रेक्षक त्यांना शिव्या घालत होते. "एवढं चांगलं काम करूनही त्याला आयटीव्ही सोडावं लागलं. कारण चांगलं काम ही बोलायची सूट नसते." मला हे म्हणणं खरं वाटलं. पुण्याई साठवून ठेवायची आणि नंतर तोंडाळपणावर खर्चायची, असं चालत नाही.

आणि 'शब्दच तर आहेत' म्हणणाऱ्यांसाठी विश्वासदादांनी सिलीगुडीची आठवण करून दिली. २००७ मध्ये दार्जिलिंगचा गोरखा गायक प्रशांत तमांग इंडियन आयडॉल जिंकला. दिल्लीतल्या एका आरजेनं त्याच्यावर, हा गायक झाला तर पहारा कोण देणार, अशा अर्थाचा विनोद केला. दंगल उसळली सिलीगुडीत. संचारबंदी लावावी लागली.

तरीही माझं मन इंग्लंडची क्रिकेट समालोचक ईसा गुहा हिच्या प्रसंगाकडेच वळत होतं, आणि मी ते बोलून दाखवलं. डिसेंबर २०२४, ब्रिस्बेन कसोटी. बुमराहचं कौतुक करता करता तिच्या तोंडून माकडाच्या जातकुळीचा शब्द गेला. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी ती त्याच चॅनेलवर, कॅमेऱ्यात बघून, स्पष्ट शब्दांत माफी मागून मोकळी झाली. शेजारी रवी शास्त्री होता, तो तिथल्या तिथे तिच्या धैर्याबद्दल बोलला. तिची नोकरी राहिली आणि माफी जिथे पोचायची तिथे पोचली. आपल्या स्टेशननं नेमकं हेच होऊ दिलं नाही. ज्या मुलानं बोलायचं होतं त्याचाच माइक काढून घेतला. ज्या बायका सकाळी गाडीवर तो शो ऐकतात त्यांना इन्स्टाची पोस्ट कुठून दिसणार? त्यांच्या कानावर विनोद पडला, माफी पडलीच नाही.

"मग कोणालाच काढायचं नाही?" मिलिंद.

काढायचं, पण उलट्या क्रमानं. चुकून घसरतो त्याची नोकरी चोवीस तासांत जाते, आणि रोज रात्री नऊ वाजता ठरवून, पट्टी तयार करून, एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्या अँकरांना कोणी हात लावत नाही. हे माझ्या मनचं नाही. विश्वासदादांनी सांगितलं की जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच चॅनेलवाल्यांना विचारलं होतं, अशा अँकरांना तुम्ही कितीदा पडद्यावरून हटवलंत? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयानं हेही म्हटलं की चॅनेलांच्या स्वनियमन संस्थेचा एक लाखाचा दंड कुचकामी आहे. एका चर्चेतल्या जाहिरातींचा भाव मिलिंदला विचारा, लाख रुपये म्हणजे काय ते कळेल.

"जीभ घसरली आणि जीभ चालवली, यात फरक करायलाच हवा," नाना म्हणाले. केतकीचं मात्र अजून समाधान नव्हतं. आमच्या मुलानं वासाचा विनोद लिहून आणला होता, घसरला नव्हता, असं तिचं म्हणणं. तेही खरंच. सकाळचा शो लिहूनच आणतात, आणि तो वाचून बघणारा प्रोड्यूसर असतो. त्याचं नाव त्या पोस्टमध्ये का नव्हतं, याला मिलिंदकडे उत्तर नव्हतं.

शेवटी मिलिंदलाच कामाला लावलं. स्टेशनच्या लोकांशी त्याचं रोजचं बोलणं असतं. त्या मुलाला तीस सेकंद द्या, सकाळच्या त्याच वेळेला, त्यानं स्वतः बोलावं, आणि त्याच्यापाठोपाठ प्रोड्यूसरनं. त्याला परत घ्यायचं की नाही ते त्या बायकांना विचारून मग ठरवा. स्टेशन म्हणेल विषय संपला, असं मिलिंद म्हणतो. आम्ही त्याला सांगितलंय, त्यांना म्हणावं रामबागेत संपलेला नाही, आणि सराफांनाही तेच सांग.